पेन्शन, पुंजी आणि घरकुल
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संघाने आम्हांला बचतीवर बोलायला सांगितले आहे. बचतीचे महत्त्व सांगणारी व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत, त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हा माणसांना एक प्रश्न नेहमी, आणि बहुधा दबक्या आवाजात, विचारला जातो. तेवढ्यावरच बोलतो. "भाऊ, पैशे बँकेत ठेवलंव तर आमची पेन्शन बंद होतली मां?"

एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. नवरा माडावरून पडून कमरेखाली अधू झालेला, बायकोचा एक पाय लहानपणीच्या पोलिओने गेलेला. दोघांनाही संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात. आपल्याकडे त्याला अपंग पेन्शन म्हणतात. २०२१ च्या तौक्ते वादळात घराची कौले उडाली. तेव्हापासून चिऱ्याचे घर बांधायचे म्हणून पोटाला चिमटा घेऊन ऐंशी हजार जमवले. हे पैसे कुठे आहेत? थोडे पत्र्याच्या डब्यात, उरलेले भाच्याच्या खात्यावर. अशी जोडपी या किनाऱ्यावर गावोगाव आहेत.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. या योजनेत दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असावे किंवा कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असावे. इतरांसाठी ही मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, तर दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये आहे. शब्द नीट ऐका: उत्पन्न. खात्यावरची शिल्लक किती हे या मर्यादेत मोजत नाहीत. शिल्लक म्हणजे विहिरीतले पाणी आणि उत्पन्न म्हणजे झरा. तहसीलदारांचा दाखला झऱ्याचा असतो.

मात्र शिल्लक व्याज देते आणि व्याज हे उत्पन्न आहे. ते लपवू नये, लपवण्याची गरजही नाही. ऐंशी हजार साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला ५,२०० रुपये व्याज होते. निव्वळ व्याजानेच ५०,००० ची मर्यादा गाठायची तर त्या दराने पावणेआठ लाखांच्या आसपास ठेव लागेल. पेन्शनवर जगणाऱ्या किती जणांकडे तेवढी ठेव आहे?

खरी अडचण वेगळीच आहे. मर्यादा कुटुंबाची असल्याने नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र धरले जाते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने १६० दिवस काम केले की ४९,९२० रुपये होतात. म्हणजे दोघांपैकी एकाला वर्षातले सहा महिनेही काम मिळाले तर दोघांचीही पेन्शन धोक्यात येते. आमच्या मते ही मर्यादा फार तोकडी आहे. संघाने निवेदन द्यायचे असेल तर ते यावर द्यावे. जोडप्याला कमी लेखण्याची रीत तशी जुनीच. पूर्वी या योजनेत एका घरात एक लाभार्थी असेल तर महिना ६०० रुपये मिळत आणि एकाहून अधिक असतील तर सर्वांना मिळून ९००! पुढे २०२३ मध्ये रक्कम १,५०० झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती २,५०० करण्यात आली.

मग बचतीची ही भीती आली कुठून? ती उगाच आलेली नाही. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत घरातल्या वस्तूंवर गुण ठरत. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेच्या आधारे प्रधानमंत्री आवास योजनेची यादी झाली, तेव्हा फ्रीज, दुचाकी किंवा घरात फोन असला तरी नाव कटत असे. या तीन अटी २०२४ मध्ये काढल्या आणि घरातील एखाद्याच्या मासिक कमाईची मर्यादा १०,००० वरून १५,००० केली. पण लोकांच्या मनात बसायचे ते बसलेच: काही आहे असे दिसले की मदत गेली.

काही देशांत तर ही भीती अगदी खरी आहे. इंग्लंडात गरजूंसाठी जो भत्ता आहे, त्यात बचत ६,००० पौंडांवर गेली की भत्ता कमी होऊ लागतो आणि १६,००० वर गेली की बंद होतो. जोडप्यालाही मर्यादा तीच, दुप्पट नाही. अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठीचा वेगळा भत्ता मात्र बचत पाहून ठरत नाही. घरकर्जाच्या व्याजासाठी तिथले सरकार पूर्वी मदत देई. एप्रिल २०१८ पासून तीही कर्जाऊ झाली, त्याचा बोजा घरावर चढतो. अमेरिकेत गरीब अपंगांच्या भत्त्यासाठी एकट्याची बचत २,००० डॉलर आणि जोडप्याची ३,००० डॉलर ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे. दोन अपंग माणसांनी लग्न केले की त्यांची मर्यादा हजार डॉलरने घटते. आपल्या पेन्शनच्या नियमात बचतीची अशी कात्री नाही. म्हणून नसलेल्या कात्रीला भिऊन पैसे डब्यात ठेवण्यात काय अर्थ आहे?

आता घराकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान १,२०,००० रुपये आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ३७ प्रमाणे घरकुल आणि जमीन वाटपात दिव्यांगांना पाच टक्के आरक्षण आहे व त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. हे कलम अर्जात लिहावे. अनुदान बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे खात्यावर येते, आणि चिरा, वाळू, वाहतूक यांचे दर पाहता तेवढ्यात घर पुरे होत नाही. उरलेले काम ऐंशी हजारांच्या त्या पुंजीवरच व्हायचे आहे.

नाहीतर कर्ज. एक लाख रुपये नऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १,२६७ रुपये बसतो. दोघांची पेन्शन मिळून ५,००० रुपये, त्यातला चौथा हिस्सा दहा वर्षे हप्त्यात जाणार. नुसत्या पेन्शनवर बँकाही सहसा कर्ज देत नाहीत. मालवण, वेंगुर्ला यांसारख्या शहरांत राहणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात २५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जावर व्याजात सवलत आहे. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, एकूण जास्तीत जास्त १,८०,००० रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. तिथेही पाहतात ते उत्पन्न आणि पक्के घर आहे की नाही ते.

भाच्याच्या खात्याविषयी दोन शब्द. भाचा प्रामाणिक असेल, पण उद्या त्याचे बरेवाईट झाले तर बँक त्याच्याच वारसांना ओळखणार. त्यापेक्षा दोघांच्या नावे, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" असे संयुक्त खाते काढावे आणि वारस नेमावा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतपेढीतल्या ठेवीला ते नाही. दृष्टिहीनांना चेकबुक वा एटीएम कार्ड नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बजावले आहे.

विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या घरात पासबुक वाचून दाखवताना दोन गोष्टी पाहा. पुरेशी कागदपत्रे न देता काढलेले जुने "छोटे खाते" असेल तर त्यात शिल्लक ५०,००० च्या वर आणि वर्षाचा भरणा एक लाखाच्या वर चालत नाही, त्यामुळे घरकुलाचा हप्ता अडकू शकतो. आधार व फोटोसह कागदपत्रे देऊन ते पूर्ण खाते करून घ्यावे. दुसरे म्हणजे, आता पेन्शन आधारशी जोडलेल्या खात्यात येते. एकाहून अधिक बँकांत खाती असतील तर आधार शेवटी कुठे जोडला आहे ते विचारून घ्यावे. "पेन्शन बंद झाली" म्हणून येणाऱ्या कित्येकांचे पैसे दुसऱ्याच पासबुकात जमा झालेले असतात.