उभ्याने वल्हवायची फळी



पाण्यावर तरंगणाऱ्या रुंद फळीवर उभे राहावयाचे आणि लांब वल्ह्याने ती पुढे न्यावयाची, या खेळास पॅडलबोर्डिंग म्हणतात. नाव परके, पण होडीत उभा राहून बांबूने ती रेटणारा कोळी आपण खाडीत पाहिलेला आहेच. हवाई बेटांतील वायकीकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास काही जण असे वल्हवीत. सन २००० नंतर हा खेळ जगभर पसरला. आता आपल्या मुलांनाही तो करून पाहावासा वाटणार. तेव्हा सुरुवात कोठे आणि कशी करावी, ते पाहू.

पहिली अट पोहता येण्याची. दुसरी, अंगात तरंगजाकीट. पोहता येते म्हणून जाकीट नको, हे म्हणणे बरोबर नव्हे. दमलेला किंवा डोक्यास मार लागलेला पोहणाराही बुडतो. फळी दहा-अकरा फूट लांब आणि सुमारे ३२ इंच रुंद असावी. वल्हे आपल्या उंचीहून वीतभर अधिक.

पहिले धडे परवानगी असलेल्या तलावाच्या संथ पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखत घ्यावेत. पाणी गुडघ्याच्या वर आले की फळीच्या मध्यावर गुडघे टेकावेत आणि बसूनच वल्हवावे. तोल साधला की एकेक पाऊल ठेवून उठावे. पावले खांद्याइतकी रुंद, गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. पायांकडे पाहिले की तोल गेलाच म्हणून समजा! पडताना फळीपासून दूर, आडवे पडावे. सूर मारू नये. नंतर फळीच्या मध्याशी येऊन, पाय झाडीत पोटावर वर चढावे. हे चढणे दहा वेळा जमल्याशिवाय काठ सोडू नये.

वाऱ्याचेही ध्यान हवे. उभा माणूस म्हणजे लहानसे शीडच. म्हणून सकाळी, वारा कमी असताना निघावे. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमल्यावर परतणे सोपे. वारा वाढलाच, तर ताबडतोब गुडघ्यांवर बसावे.

आता आपल्या मुलखाविषयी. ठाण्याची आणि कल्याणची खाडी संथ दिसते, पण भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी तिची ओढ मोठी असते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यात पाय रुततो. जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. हा ढोबळ हिशेब समुद्रकाठचा. खाडीत आत भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ अधिकच. नवशिक्याने खाडीत उतरू नये, हेच खरे.

उल्हास नदीचे काय? उन्हाळ्यात शांत वाटणारी हीच नदी २७ जुलै २०१९ रोजी इतकी चढली, की वांगणी-बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजारभर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. पाऊस वर घाटात पडतो, पूर खाली येतो. म्हणून पावसाळ्यात नदी वर्ज्य. आणखी एक: संथ पाण्यात फळीची दोरी घोट्यास बांधतात, वाहत्या पाण्यात ती फांदीत किंवा जलपर्णीत अडकली, तर तीच घात करते. तेथे झटक्यात सुटणारा कमरपट्टाच हवा.

शिक्षकबंधूंस आणि भगिनींस एक विनंती. फळी सर्वांना मिळणार नाही. पण बुडणाऱ्याला वाचवावयास पाण्यात उडी न टाकता काठी पुढे करावी, दोरी किंवा रिकामा बंद डबा फेकावा, आणि हाकाटी करावी, एवढे प्रत्येक मुलास शिकविता येईल. एकाच्या मागे दुसरा बुडतो तो बहुधा मायेपोटी, माहितीच्या अभावी. ती माहिती देणे आपल्या हाती आहे.