चोर पाटलाने पकडला



इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एक वाक्य लिहून पाहा : ‘चोर पाटलाने पकडला.’ मुलांना सांगा, याचे इंग्रजी करा. एखादा चुणचुणीत मुलगा शब्दास शब्द लावील व लिहील, ‘द थीफ कॉट द पाटील.’ झाले! चोर सुटला आणि पाटीलच पकडले गेले! वर्ग हसेल, मुलगा खजील होईल. पण त्याला रागावू नका. तो मराठीच्या वाटेने इंग्रजीत गेला, एवढेच.

आपल्या भाषेत ‘पाटलाने’ या शब्दाला ‘ने’ चिकटलेला आहे. तो शब्द वाक्यात कोठेही बसवा, पकडणारे पाटीलच. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. तेथे मान जागेला. क्रियापदाच्या आधी बसेल, तो करणारा. मग चोराला पुढे बसवायचे तर ‘हा करणारा नव्हे’ अशी खूण क्रियापदानेच द्यायला हवी. ती अशी : ‘द थीफ वॉज कॉट बाय द पाटील.’

कृती तीन पायऱ्यांची आहे. प्रथम कर्म पुढे आणा. मग काळ व वचन पाहून इज, आर, वॉज, वेअर किंवा विल बी यांतले योग्य रूप घ्या आणि त्याला क्रियापदाचे तिसरे रूप जोडा. कॅच, कॉट, कॉट. यातला शेवटचा कॉट. चोर दोन असले की वॉजचे वेअर होईल. शेवटी, जरूर असेल तरच, ‘बाय’ लावून कर्ता सांगा. ‘स्लीप’सारख्या क्रियापदाला कर्मच नाही; तेव्हा तेथे ही उलटापालट करू नये.

आता एक सावधगिरी. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा आपला कर्मणी प्रयोग. कारण आंब्याऐवजी चिंच घेतली की ‘खाल्ली’ होते. पण इंग्रजीत ‘राम एट अ मँगो’ हे सरळ कर्तरी वाक्य आहे. दोहोंना ‘कर्मणी’ म्हटले की मूल गोंधळते. इंग्रजी रचनेच्या जवळचे आपले वाक्य म्हणजे ‘आंबा खाल्ला गेला’. आपले व्याकरण त्याला नवीन कर्मणी म्हणते. हा फरक आधी सांगावा, नियम मागाहून.

पण हा खटाटोप कशासाठी? करणारा ठाऊक नसेल किंवा सांगायचा नसेल, तेथे ही रचना कामी येते. ‘माय बुलक वॉज स्टोलन.’ माझा बैल चोरीला गेला. कोणी नेला, ठाऊक नाही. कचेरीच्या कागदावरचे ‘कळविण्यात येते’ याच जातीचे. ‘अर्ज नामंजूर करण्यात आला’, म्हणजेच ‘द ॲप्लिकेशन वॉज रिजेक्टेड’. येथे करणारा ठाऊक असतो, पण वाक्यात त्याला जागा नाही. कोणी नामंजूर केला? का?

असे वाक्य वाचताच ज्या मुलाच्या तोंडी ‘बाय हूम?’, म्हणजे ‘कोणाकडून?’ हा प्रश्न येईल, त्याला ही रचना समजली असे खुशाल समजा. वाक्ये उलटीसुलटी करून मिळणारे गुण परीक्षेपुरते. हा प्रश्न मात्र उद्या बापाच्या हातातला कागद वाचून दाखवताना त्याच्या उपयोगी पडेल.