विपुल जीवन नेमकं कुठे मिळतं?

कोणी ट्रेनमध्ये असेल, कोणी कॉलेजला निघालं असेल, कोणी रात्री दिवा मालवून कानात इअरफोन घालून ऐकत असेल.

आजचा विषय एका प्रश्नातून आलाय. तरुण संघाच्या सभांना गेलो की हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. "दादा, येशू विपुल जीवन द्यायला आला असं आपण म्हणतो. मग माझ्याकडे ते का दिसत नाही? मी चर्चला जातो, प्रार्थना करतो. पण नोकरी नाही, घरावर कर्ज आहे, आणि मन कायम थकलेलं. देव माझ्यापासून लांब आहे का?"

हा प्रश्न मला फार प्रामाणिक वाटतो. आणि त्याला "विश्वास वाढव, सगळं ठीक होईल" एवढंच उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून आज आपण ते वचन जिथे आहे तिथेच जाऊन बघू या.

योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, दहावं वचन. चोर येतो तो लुटायला आणि नाश करायला. मी आलो तो जीवन देण्यासाठी, आणि तेही भरभरून, असा येशूच्या बोलण्याचा अर्थ आहे. हे वचन आपण स्टेटसला ठेवतो, कॅलेंडरवर छापतो. पण त्याच्या आधी काय घडलं, हे फार कमी जण वाचतात. मुळात पवित्र शास्त्रात अध्यायांचे आकडे नव्हते, ते कितीतरी शतकांनी घातले गेले. त्यामुळे नववा आणि दहावा अध्याय सलग वाचून बघा.

नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस आहे. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू त्याच्या डोळ्यांना चिखल लावतो, शिलोहाच्या तळ्यात धुवायला पाठवतो आणि त्याला दिसू लागतं. आता खरं तर आनंदीआनंद व्हायला हवा ना? पण होतं उलटंच. त्याची चौकशी सुरू होते. आईबाप घाबरून म्हणतात, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. शेवटी धर्मपुढारी त्याला बाहेर घालवतात. म्हणजे दृष्टी मिळाली आणि त्याच दिवसांत मान गेला, समाज गेला, घरच्यांनीही अंग काढून घेतलं.

मग येशूने काय केलं? त्याला बाहेर घालवल्याचं ऐकलं आणि त्याने जाऊन त्याला गाठलं. आणि मेंढपाळाची, विपुल जीवनाची गोष्ट येते ती याच्या लगेच पुढे. विचार करा, ज्याचं सगळं नुकतंच सुटलंय अशा माणसाच्या गोष्टीला लागून प्रभू भरभरून जीवनाबद्दल बोलतोय! मग त्या शब्दाचा अर्थ पगार, गाडी, फ्लॅट एवढाच कसा असेल? देव आपल्या गरजा पुरवतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण वस्तू मिळाल्या म्हणजे देव जवळ, आणि नाही मिळाल्या म्हणजे तो लांब, हे गणित येशूने कुठेच मांडलेलं नाही.

मग मेंढरांचंच उदाहरण का? आपल्याकडे दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे धनगर तुम्ही पाहिले असतील. रस्त्याच्या कडेने मेंढरांचा कळप, घोड्यावर संसार, सोबत कुत्री. त्या कळपाकडे नीट बघा. एकाही मेंढराच्या नावावर जमीन नसते. उद्याचा चारा कुठे, पाणी कुठे, त्याला काही ठाऊक नसतं. तरी ते पोटभर चरतं, कारण ज्याला रान ठाऊक आहे त्याच्या मागे ते चालतंय. मेंढपाळाची हाळी त्याला ओळखू येते. मेंढराची सगळी श्रीमंती या ओळखीत आहे. हिरव्या गवतासाठी ते कळप सोडून एकटं भरकटलं, तर दोन घास मिळतीलही, पण रात्री लांडगा आला तर त्याला कोण वाचवणार?

तर मला आज हे सांगायचंय, की विपुल जीवन ही देवाकडून घेऊन घरी यायची वस्तू नाही. ते त्याच्या सोबत राहण्यातच आहे.

आता आपल्याच मातीतलं एक उदाहरण देतो. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात नाव वाचलं असेल. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात थोड्याच काळात वडील, आई आणि मोठी बहीण गेली. भावासोबत त्या पायी देशभर फिरल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा. वय अवघं तेवीस-चोवीस.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता ऐका, कारण ही गोष्ट आपल्यासारख्या चर्चमध्ये वाढलेल्या मुलामुलींसाठी फार महत्त्वाची आहे. रमाबाईंनी पुढे आपली साक्ष लिहिली. त्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण ख्रिस्त स्वतः अजून सापडलेला नाही. एवढी विदुषी बाई, शारदा सदन चालवत होती, विधवांसाठी राबत होती, आणि हे स्वतः मान्य करते! तिथून त्यांचं देवाशी नातं बदललं.

आणि त्या जवळिकीतून काय आलं? १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. शेकडो मुलींना, बायकांना तिथे घर, शिक्षण आणि हाताला काम मिळालं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत अख्ख्या पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. गमावलेल्यांची यादी केली तर हे आयुष्य रिकामं दिसेल. पण शेकडो लेकींची आई झालेल्या या बाईचं जीवन विपुल नव्हतं, असं कोण म्हणेल?

आता तुम्ही म्हणाल, दादा, ठीक आहे, पण सोमवारी सकाळी मी काय करू? तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली. सकाळी उठल्यावर मोबाईलच्या आधी देव. कफर्णहूममध्ये आजाऱ्यांची प्रचंड गर्दी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं मार्क सांगतो. त्याला ती वेळ लागत होती, मग आपल्याला नाही का लागणार? दहा मिनिटांपासून सुरुवात करा. योहानाचे एकवीस अध्याय आहेत. रोज एक वाचला तर तीन आठवड्यांत पूर्ण होईल. हाळी ओळखायची तर आवाज कानावर पडायला हवा.

दुसरी. देवाशी खरं बोला. स्तोत्र १३ उघडा, अगदी छोटं आहे. सुरुवातीलाच दावीद देवाला चार वेळा विचारतो, असं कुठवर? देवाने ती तक्रार पवित्र शास्त्रात राहू दिली आहे. तेव्हा नोकरीचं टेन्शन, घरातली भांडणं, मनातला राग, सगळं त्याला सांगा. गोड भाषेची गरज नाही.

तिसरी. एकटे राहू नका. मेंढपाळ कळप घेऊन चालतो. प्रार्थनेला एक मित्र किंवा मैत्रीण धरा. आणि मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, तर घरच्यांशी, पाळकांशी बोला, डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाची कमी नाही. देव माणसांच्या हातूनही सांभाळतो.

ज्या भावाने किंवा बहिणीने "देव लांब आहे का" असं विचारलं, त्यांना मला इतकंच सांगायचंय: बाहेर घालवलेल्या त्या माणसाला येशूला शोधत फिरावं लागलं नाही. येशूच त्याच्याकडे गेला. तुमच्याकडेही तो येतोय.

चला, प्रार्थना करू या. प्रभू येशू, आमचे हात रिकामे असतील, पण तू सोबत आहेस. तुझा आवाज ओळखायला आम्हाला शिकव. जे आज थकलेत, त्यांना तूच गाठ. आणि आम्हाला जे देशील, ते दुसऱ्यांपर्यंत पोहोचू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

भेटू पुढच्या भागात. तोवर योहान नऊ आणि दहा सलग वाचा. जय ख्रिस्त!