पाहुणी ताई जाते, वाडी राहते

 

मी अकोले तालुक्यातली. आमची वाडी कळसूबाईच्या डोंगररांगेत. पावसाळ्यात भात, नागली, वरई. पाऊस एवढा पडतो की घोंगडी वाळत नाही, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरावं लागतं. दिवाळी झाली की निम्मी वाडी गाठोडी बांधून नारायणगाव-ओतूरकडे मजुरीला जाते. मागं राहतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. मी तिथल्या अंगणवाडीत बरीच वर्षं सेविका होते. आता घरीच असते. आज मला तुमच्याशी एका पाहुणीबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे.

एका वर्षी हिवाळ्यात एका संस्थेमार्फत युरोपातली एक मुलगी आमच्या वाडीत आली. वय असेल बावीस-तेवीस. शिक्षण संपवून लहान मुलांत काम करायला म्हणून सहा आठवडे राहणार होती. उंच होती, म्हणून पोरांनी तिचं नावच उंचताई ठेवलं. पोरगी खरंच गुणी. जमिनीवर बसायची, नागलीची भाकरी खायची, हात भाजले तरी चुलीपाशी यायची. तिला मराठी येत नव्हतं आणि पोरांना तिची भाषा येत नव्हती, तरी दिवसभर त्यांचं हसणं ऐकू यायचं.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरं झालं. माझ्याकडे रजिस्टरं होती, वजनं होती, आहाराचा हिशोब होता, गरोदर बायांच्या घरी जायचं होतं. मी पोरं तिच्या हवाली केली आणि कागदं घेऊन कोपऱ्यात बसले. सकाळी पोरं आली की माझ्याकडे न बघता तिच्याकडे धावायची. मलाही त्याचं कौतुकच वाटायचं.

सहा आठवडे संपले. शेवटच्या दिवशी पोरांना खाऊ वाटला, फोटो काढले, आणि दुपारच्या एसटीनं ती गेली. गाडीत बसताना ती रडत होती. पोरांना मात्र कुणीच नीट सांगितलं नव्हतं की ती परत येणार नाही. मीसुद्धा नाही. लहान आहेत, विसरतील, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आलीच नाहीत. आली ती दारात उभी राहून आत बघायची आणि परत जायची. एक चार वर्षांचा पोरगा होता. त्याचे आई-बाप मजुरीला गेलेले, तो आजीपाशी राहायचा. तो रोज एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसायला लागला. आजी त्याला ओढत घरी आणायची. एक दिवस ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, याची आई गेली तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, होळीला येईल. आता या ताईचं मी काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या लेकराचं आधीच एक माणूस गाडीत बसून गेलं होतं. मी त्याला दुसरंही तसंच जाऊ दिलं.

बायांनो, चूक त्या मुलीची नव्हती. तिनं जीव लावला. चूक माझी, की जे रोज राहणार त्या माणसानं, म्हणजे मी, मागं सरून बसले.

मग मी विचार करायला लागले की बाहेरून येऊन लेकरांत काम करणारी माणसं आपल्याकडे पूर्वी आली नाहीत का? आली की. आपल्याच नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, मिस सिंथिया फरार नावाच्या बाई अमेरिकेतून आल्या. मिशनच्या कामासाठी १८२७ साली मुंबईत उतरल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण याच बाईंकडे घेतलं. म्हणजे परदेशी बाईनं इथल्या बाईला शिकवलं, आणि मग इथल्या बाईनं पुढं हजारोंसाठी वाट केली.

दुसरं उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं. या परदेशातल्या नव्हत्या, पण वारल्यांच्या पाड्यावर शहरातली बाई म्हणजे परदेशीच. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पोरं शाळेत यायची नाहीत. तेव्हा या बायांनी पोरांना दोष दिला नाही, त्या स्वतःच पाड्यावर गेल्या, झोपडीपुढच्या अंगणात बसल्या. पोरांची नखं कापली, अंघोळी घातल्या, शिंपले, खडे, पानं, बिया घेऊन गणित शिकवलं. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, ते नाव तिथलंच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. १९९२ मध्ये त्या गेल्या, तोवर कोसबाड हेच त्यांचं घर होतं.

तिसरं आपलं जामखेड. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली तिथं आले. त्यांनी गावोगावच्या बायांना, कित्येकींना तर अक्षरओळखही नव्हती, आरोग्याचं काम शिकवलं. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, बाळंतपण कसं सांभाळायचं, वजन कसं बघायचं. डॉक्टर चार दिवस गावात असो नसो, ती बाई गावातच असते. आता तर परदेशातून शिकायला आलेल्या डॉक्टरांना जामखेडच्या याच बाया आपला अनुभव सांगतात. पाहुणा शिकायला येतो आणि गावची बाई शिकवते, हे मला फार आवडलं.

याची उलटी बाजूही ऐका. नेपाळ आपल्यासारखाच डोंगराचा देश. तिथं अनाथ मुलांची सेवा करायला परदेशी पाहुणे येतात म्हणून काही लोकांनी अनाथालयांचा धंदाच मांडला. डोंगरातल्या गरीब आई-बापांना शिक्षणाची आशा दाखवून लेकरं काठमांडूला नेली. आई-बाप जिवंत असताना ती अनाथ म्हणून दाखवली. २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला मुलांच्या अशा ने-आणीवर बंदी घालावी लागली. म्हणून कुणी गोड बोलून "तुमचं पोरगं आमच्याकडे द्या" म्हणालं, तर आधी गटात बसून बोला. शंका आली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फोन करा, पैसे पडत नाहीत.

आमच्या वाडीत पुन्हा पाहुणी आली दोन वर्षांनी. या वेळी गटाच्या बैठकीत आम्ही आधीच ठरवलं. एक, ती कोण, कुठल्या संस्थेची, आधी कुठं काम केलं, हे ग्रामपंचायतीला आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला कळलं पाहिजे. परदेशी पाहुणी घरी मुक्कामाला ठेवली, तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं, तेही केलं. दोन, पोरांसोबत ती एकटी राहणार नाही, सेविका किंवा मदतनीस जवळ असेल. तीन, उघड्या-नागड्या लेकराचा फोटो नाही, आणि कुठलाही फोटो आईला विचारल्याशिवाय नाही. चार, खाऊ, कपडे, पैसे एकेका पोराला द्यायचे नाहीत. द्यायचंच तर अंगणवाडीला चटई द्या, मापाचा काटा द्या.

आणि पाचवं माझं स्वतःचं. पोरांपुढं मी बसायची आणि ती माझ्या शेजारी. तिला येणारे खेळ ती मला शिकवायची, मी पोरांना. पहिल्याच दिवशी एका डब्यात आम्ही जितके दिवस ती राहणार तितके खडे टाकले. रोज सकाळी एक पोरगं एक खडा बाहेर काढायचं. डबा हलका होताना पोरांना दिसत होता. शेवटचा खडा निघाला त्या दिवशी पोरं रडली, पण दुसऱ्या दिवशी सगळी आली. म्हणाली, "बाई, आता रिकाम्या डब्यात काय टाकायचं?" आम्ही त्यात बिया टाकल्या आणि पावसाळ्यात अंगणवाडीमागं लावल्या.

फाट्यावर बसणाऱ्या त्या पोराला तेव्हा मी माझ्या मांडीवर घेतलं होतं. बरेच दिवस तो बोलला नाही. मी रोज फाट्यावर जाऊन त्याला आणायची. मग एक दिवस त्यानं आपणहून माझं बोट धरलं. आज तो मोठा झालाय, राजूरला शाळेत जातो. मला भेटला की अजून बाईच म्हणतो.

तेव्हा बायांनो, पाहुण्याला दार उघडाच. आपल्या डोंगरात कुणी मायेनं येत असेल तर त्याला ताकभाकरी द्या. पण लेकराचं बोट आपल्या हातातून सोडू नका. येत्या बैठकीत आपापल्या अंगणवाडीत कोण येतं, कोण जातं, पोरं कुणाची वाट बघतात, एवढं एकदा बोला. रामराम.