डिझायनरलाही हवी उजळणी

घराचं काम काढायचं ठरलं, की आपण इंटिरिअर डिझायनरला काय विचारतो? खर्च किती येईल, दिवाळीपूर्वी काम संपेल का, आधीच्या कामांचे फोटो आहेत का. ‘अलीकडे तुम्ही नवीन काय शिकलात?’ हा प्रश्न माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात मला एकाही ग्राहकानं विचारलेला नाही.

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते आपल्याला पटतं, कारण औषधं बदलतात. पण पडदे आणि सोफे निवडणाऱ्याला कसली आली उजळणी, असं कुणालाही वाटेल.

आमचं काम मात्र पडद्यांवर थांबत नाही. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइट क्लबला आग लागली. आवाज अडवण्यासाठी भिंतींना लावलेल्या फोमनं आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि १०० माणसं गेली. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत, कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या रेस्टॉरंटच्या आगीत १४ जणांचा जीव गेला. भिंतीला काय लावायचं आणि बाहेर पडायची वाट कुठून ठेवायची, हे प्रश्न निव्वळ शोभेचे नाहीत.

शिवाय माहितीही बदलत राहते. प्लायवूडच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड वापरतात. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग निर्माण करणारं द्रव्य ठरवलं. आपली राष्ट्रीय इमारत संहिता १९८३ नंतर २००५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये सुधारली गेली. १९९० साली पदविका घेऊन पुस्तक मिटलेला माणूस आज कोणत्या नियमानं काम करत असेल?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं यावर साधा उपाय केला आहे. तिथं नोंदणीकृत इंटिरिअर डिझायनरला वर्षाला १२ तास शिकावं लागतं. त्यातला एक तास अपंग व्यक्तींना अडथळा होणार नाही अशा रचनेसाठी आणि एक तास ऊर्जाबचत किंवा पर्यावरणपूरक रचनेसाठी राखलेला असतो. म्हणजे महिन्याला जेमतेम एक तास! तास भरले म्हणजे माणूस शिकलाच असं नाही, हे मान्य. पण निदान वर्गात येऊन तरी बसतो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय कुणाला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी असा कायदा नाही. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स व्याख्यानं, कार्यक्रम घेते. पण सभासद व्हायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मग कायदा होईपर्यंत थांबायचं का? मला वाटतं, ग्राहकानं थोडं चौकस व्हावं. या प्लायवूडमधून फॉर्माल्डिहाइड किती बाहेर पडतं? फॉल्स सीलिंगच्या वर गेलेल्या वायरी तपासायला झडप ठेवली आहे का? उद्या आजी व्हीलचेअरवर आल्या, तर बाथरूमच्या सव्वादोन फुटी दारातून आत जाऊ शकतील का? असे दोन-चार प्रश्न घरोघरी विचारले जाऊ लागले, की आम्हा मंडळींना पुस्तकं उघडावीच लागतील.