रक्तदाबाची चढउतार आणि पुन्हा गिरविलेली अक्षरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात धुळे येथे केलेले भाषण)



गतवर्षी या संमेलनात आमची खुर्ची रिकामी होती. यंदा आपणांपुढे उभे राहण्याचे भाग्य लाभले, तेव्हा ती का रिकामी होती हेच सांगावे असे ठरविले. आम्ही डॉक्टर नव्हे. केवळ मॅट्रिक झालेले, जन्मभर खडू झिजविलेले निवृत्त शिक्षक आहोत. जे सांगू ते भोगून आणि डॉक्टरांस विचारून शिकलेले आहे, एवढे ध्यानी घ्यावे.

प्रथम आमची चूक सांगतो. रक्तदाबासाठी आम्ही कित्येक वर्षे रोज एक गोळी घेत होतो. वैशाखात एके दिवशी यंत्रावर ११८ आणि ७६ हे आकडे दिसले. ‘दाब उतरला, आता गोळी कशास?’ असे मनाशी म्हणून आम्ही ती बंद केली. दाब गोळीमुळेच उतरला होता, हे इतरांस गणिताची रीत शिकविणाऱ्यास उमगले नाही! महिन्याच्या आत एके सकाळी चहाचा कप उजव्या हातातून गळून पडला, तोंड वाकडे झाले, आणि सौभाग्यवतींस हाक मारू गेलो तो शब्दच फुटेना.

घरात एकच गोंधळ उडाला. कोणी तेल चोळा म्हणाले, कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचविला, कोणी पाणी पाजू लागले. अखेर आमच्या सुनेने कोणाचे न ऐकता १०८ क्रमांकास दूरध्वनी केला. तोवर दोन तास गेले होते.

बंधूंनो, अर्धांगवायूच्या नावात वायू असला तरी तो मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार आहे. बहुतेकांच्या वाहिनीत गुठळी अडकते, काहींची वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून लक्षणे सारखीच, परंतु उपचार निराळे. म्हणून मेंदूचे सी. टी. स्कॅन होण्यापूर्वी रक्त पातळ करणारी गोळी घरी देऊ नये. गिळता येते की नाही हे तपासल्याखेरीज पाण्याचा घोटही देऊ नये. तो श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती. चोपडा-शिरपूरकडील खेड्यातून निघणाऱ्याचा किती वेळ वाटेतच जातो, हे आपण जाणताच. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावासही २०१८ पासून असे महाविद्यालय आहे. तोंड वाकडे, हात लुळा वा वाचा अडखळलेली दिसताच, स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाची वाट धरावी.

रुग्णालयात आमचा वरचा दाब १९० होता. आमच्या बंधूंनी डॉक्टरांशी वाद मांडला, की दाब उतरवीत का नाही? डॉक्टरांनी शांतपणे उलगडून सांगितले. गुठळीने अडलेल्या भागाच्या कडेला काही पेशी अर्धपोटी जिवंत असतात. शरीर दाब वाढवून त्यांच्यापर्यंत रक्त पोहोचवू पाहते. अशा वेळी दाब एकदम पाडणे म्हणजे पाटाचे पाणी तोडून शेवटचा वाफा सुकविणे होय. रक्तस्राव असेल, किंवा ते इंजेक्शन द्यावयाचे असेल, तर मात्र दाब लवकर आवरावा लागतो. कोणाचा किती ठेवावा हा निर्णय डॉक्टरांचा.

घरी आल्यावर आम्ही दुसरे टोक गाठले. दिवसातून दहा-बारा वेळा दाब मोजू लागलो. आकडा चढला की छाती धडधडे, आणि धडधडीने आकडा आणखी चढे! वस्तुतः दाब हा स्थिर नसतोच. पहाटे तो चढतो, निजेत उतरतो. थंडीत वाढतो. आपल्या खान्देशच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी गेले, आणि लघवी वाढविणारी गोळी चालू असली, तर तो उतरून उठताच भोवळ येते. म्हणून आधी बसावे, मग उभे राहावे.

मोजण्याची रीत अशी. चहा वा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत, लुळ्या नव्हे तर चांगल्या हातास बांधावा. मोजताना बोलू नये. सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांस दाखवावी. एका आकड्यावरून गोळी वाढवू नये, सोडू नये, शेजाऱ्याची गोळी तर जिभेखालीही ठेवू नये. मात्र पुन्हा मोजूनही आकडा १८० किंवा १२० च्या वर राहिला तर डॉक्टरांस तत्काळ कळवावे. सोबत नवे लक्षण दिसल्यास रुग्णालयच गाठावे. मिठाचा दिवसाचा एकूण वाटा चहाच्या चमच्याहून कमी हवा, आणि त्यात आपले पापड, बिबडे, लोणचे यांचेही मीठ धरावयाचे असते!

आता उजव्या हाताविषयी. पहिले काही महिने सुधारणा अधिक वेगाने होते, पुढे मंदावते, परंतु थांबते असे नव्हे. सरावाने मेंदूचे इतर भाग गेलेले काम उचलू लागतात. आम्ही नातवाची पाटी मागून घेतली आणि ‘ग म भ न’ पासून आरंभ केला. पहिल्या दिवशी ‘ग’ चा काना पाटीबाहेर गेला. ज्याने शेकडो मुलांस अक्षर वळविण्यास शिकविले, त्याच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले.

त्या वेळी आम्हांस महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण झाले. १८८८ साली, एकसष्टाव्या वर्षी, त्यांस अर्धांगवायू झाला आणि उजवा हात निकामी झाला. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे साधन निघाले १८९६ साली. त्यांस ना यंत्र, ना आजच्यासारखी गोळी. तरी त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, आणि ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापाशी जे नव्हते ते सर्व आमच्या घरात होते, आणि आम्ही ते आपल्या हाताने बंद केले होते.

म्हणून ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती, की आज घरी जाताच वडीलधाऱ्यांची गोळी चालू आहे की नाही हे विचारावे. या भाषणाचा कागद आम्ही उजव्या हाताने लिहिला आहे. अक्षर वाकडे आहे, परंतु आमचे आहे.