जुन्या वाद्यांची विक्री : काही संकेत

(भाषणाचा संक्षेप)



महाराष्ट्रातील गावोगावी भजनी मंडळे आहेत, अनेक शाळांतून प्रार्थनेसाठी पेटी आहे, तबल्याची जोडी आहे. नवे वाद्य घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. त्यामुळे जुने वाद्य एका हातातून दुसऱ्या हातात जाते. बहुधा हा पैसा वर्गणीतून, थोडा थोडा करून जमलेला असतो. अशा व्यवहारात फसगत झाली, तर केवळ पैसा बुडतो असे नव्हे. शेजारच्या गावावरील विश्वासही उडतो. यास्तव या देवघेवीचे काही संकेत जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिला संकेत सत्यकथनाचा. माल विक्री अधिनियम, १९३० अन्वये विकणाऱ्यास वस्तू विकण्याचा अधिकार असला पाहिजे आणि वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. परंतु खाजगी व्यवहारात वस्तूच्या गुणावगुणांची पारख सामान्यतः घेणाऱ्यानेच करावी, असाच कायद्याचा रोख आहे. म्हणजे न विचारलेला दोष सांगण्याचे काम कायद्यापेक्षा सचोटीवरच अधिक सोपविलेले आहे. पेटीचा भाता हवा सोडतो काय, कोणता सूर बोलत नाही, कोणती पट्टी अडकते, हे विकणाऱ्याने आपणहून सांगावे. तंबोऱ्याच्या भोपळ्यास गेलेली तडा भुसा व पॉलिश यांखाली झाकता येते. पण झाकलेली तडा सांगणे हेच विक्रेत्याचे कर्तव्य होय. तबल्याची पुडी झिजणे स्वाभाविक आहे, ती बदलता येते. मात्र खोडास चीर असल्यास ते लपवू नये.

दुसरा संकेत परीक्षेस वाव देण्याचा. घेणाऱ्यास वाद्य वाजवून पाहू द्यावे, जाणकारास सोबत आणू द्यावे. पेटीचा भाता भरून, सर्व खटके बंद करून थोडे थांबल्यास हवेची गळती चटकन लक्षात येते. सतार व तंबोरा यांसाठी मिरजेच्या कारागिरांचा सल्ला मोलाचा ठरतो. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुरुस्तीचा अंदाज आधी काढला, म्हणजे किंमत ठरविणेही सोपे जाते.

तिसरा संकेत शब्द पाळण्याचा. एकदा किंमत ठरली आणि इसार घेतला की, अधिक पैसे देणारा दुसरा गिऱ्हाईक आला म्हणून पहिल्यास परत पाठवू नये. त्याचप्रमाणे घेणाऱ्यानेही वाद्य नेण्याच्या दिवशी नव्याने घासाघीस करू नये. इसाराची पावती द्यावी व मुदत लिहून ठेवावी.

चौथी बाब मालकीची. शाळेची वा ग्रामपंचायतीची पेटी ही कोणा एकाची नसते. जडवस्तू नोंदवहीतील नोंद, निर्लेखनाचा रीतसर ठराव आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी यांवाचून ती विकणे अनुचित होय. भजनी मंडळानेही सभासदांच्या संमतीनेच वाद्य विकावे.

एक प्रसंग विशेष जपण्याचा आहे. एखादा वादक निवर्ततो आणि मागे राहिलेल्या कुटुंबास त्याच्या वाद्याचे मोल ठाऊक नसते. तेथे घेणारा जाणता आणि देणारा अजाण असतो. अशा वेळी योग्य किंमत सांगण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. अडचणीचा फायदा घेऊन पदरात पाडलेले वाद्य हा सौदा ठरेल, सभ्यता नव्हे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा विसर तर मुळीच पडू नये. गोवा व कोकणातील जुन्या घुमटांवर घोरपडीचे कातडे असे. काही जुन्या सतारी व तंबोऱ्यांवर हस्तिदंती नक्षी आढळते. घोरपड व हत्ती हे दोन्ही प्राणी या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या अवयवांपासून बनविलेल्या वस्तूंचा व्यापार निषिद्ध आहे. त्यासाठी कारावासाची शिक्षा आहे. असे वाद्य घरात आढळल्यास विक्रीचा विचार करण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. घुमटासाठी आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते.

शेवटी वाहतुकीविषयी. तंबोऱ्याच्या तारा सैल करून भोपळ्यास मऊ आधार द्यावा. पेटीचा भाता बंद करून अडकवावा. वाटेत मोडतोड झाल्यास ती कोणी सोसावी, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

या सर्व गोष्टी एका कागदावर मावतात : वाद्याचे वर्णन, ज्ञात दोष, किंमत, इसार, तारीख आणि दोघांच्या सह्या. गावातील शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने असा कागद लिहून देण्यास हातभार लावला, तर पुढील अनेक तंटे टळतील, आणि वाद्य नव्या घरी निःशंकपणे वाजू लागेल.